इसबगोल घ्यावे, पण नीट घ्यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोरेगाव भागात औषधांच्या दुकानात माझे आयुष्य गेले, त्यामुळे इसबगोल मागायला येणारी माणसे मला चांगली ठाऊक आहेत. बहुतेक जण ‘पोट साफ होत नाही’ एवढ्याच तक्रारीवर ही भुशी नेतात आणि चार दिवसांत बरे वाटले की तो डबा फडताळात पडून राहतो. हीच भुशी रक्तातील कोलेस्टेरॉल आणि साखर आटोक्यात ठेवायलाही मदत करते, हे त्यांना सहसा कोणी सांगितलेले नसते. म्हणून हे पत्र.

इसबगोलाच्या बियांवरच्या सालीत विद्राव्य तंतू भरपूर असतात. पाणी मिळाले की ते फुगतात आणि त्यांचा बुळबुळीत लगदा होतो. एरवी पित्तातील आम्ले आपले काम झाल्यावर बहुतांशी आतड्यातून पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. या लगद्यात मात्र त्यांतील काही अडकून मलावाटे बाहेर पडतात, आणि ती तूट भरून काढण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. नियमित सेवनाने एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, साधारण ५ ते १० टक्क्यांनी उतरते. ही घट गोळीइतकी मोठी नाही आणि तिच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणीही बंद करू नये. पण गोळी चालू असतानाही भुशीचा वेगळा लाभ होतो, हे महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये इसबगोलाच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्यासंबंधीचा मजकूर छापण्यास परवानगी दिली, ती दिवसाला ७ ग्रॅम विद्राव्य तंतू, म्हणजे सुमारे १० ग्रॅम भुशी, या प्रमाणासाठी. जेवणाच्या वेळी घेतल्यास अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते, त्यामुळे मधुमेहींनाही तिचा उपयोग होतो.

यावर ‘आम्ही भाकरी खाणारी माणसे, आम्हाला वेगळे तंतू कशाला?’ असे हमखास विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. शाळूच्या भाकरीत तंतू आहेतच, पण ते मुख्यत्वे अविद्राव्य. त्यांनी मल सुटा होतो, कोलेस्टेरॉलवर मात्र फारसा परिणाम होत नाही. विद्राव्य तंतूंसाठी आपल्याकडे कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे, माण-खटावचा हुलगा आहे, जवसाची चटणी आहे, पेरू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातूनच मिळावेत, अशी शिफारस केली आहे. ज्या घरात सकाळी चहाबरोबर खारी आणि टोस्ट, दुपारी भात आणि पातळ आमटी, आणि कडधान्य आठवड्यातून एखाद्या वेळी, त्या घरात एवढे तंतू पोटात जाणे कठीण आहे. म्हणून आधी ताट सुधारावे, आणि ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून त्याला इसबगोलाची जोड द्यावी, असे माझे मत आहे.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. आपल्याकडे भुशीची कोरडी फक्की मारून वर घोटभर पाणी पिणारी माणसे आहेत, आणि त्यांत वयस्कर मंडळी अधिक. ही पद्धत धोक्याची आहे, कारण भुशी अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते. ती मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून, घट्ट होण्याआधीच प्यावी आणि वर आणखी पाणी घ्यावे. रात्री अर्धा कप दुधातून घेऊन लगेच आडवे होण्याची सवयही सोडावी. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांच्या आतड्यात पूर्वी अडथळा झालेला आहे, त्यांनी इसबगोल घेऊच नये. इतरांनी एका लहान चमच्याने सुरुवात करून आठवड्या-दोन आठवड्यांत प्रमाण वाढवावे, म्हणजे पोट फुगण्याचा त्रास कमी होतो.

दुसरी गोष्ट औषधांची. हा लगदा काही गोळ्यांचे शोषण कमी करतो, म्हणून थायरॉइडची, हृदयाची किंवा फिट्सची गोळी आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी साखर तपासत राहावे, कारण मात्रा बदलावी लागू शकते. शिवाय बाजारातील अनेक ‘पोट साफ’ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला डिवचून काम करते. कोलेस्टेरॉलशी तिचा संबंध नाही आणि ती महिनोन्‌महिने घ्यायची वस्तू नव्हे. डब्यावरचे घटक वाचूनच खरेदी करावी.

तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर तपासण्यासाठी आपल्या जिल्ह्यात आशाताई घरोघरी जातात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत शिबिरे होतात. त्या वेळी मिठाचा आणि तंबाखूचा विषय निघतो, तसा तंतूंचाही निघावा, आणि इसबगोल कसे घ्यावे हे पेल्यात ढवळून प्रत्यक्ष दाखवावे, अशी जिल्हा आरोग्य विभागाला आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. औषध दुकानांतील माझ्या सहकाऱ्यांनीही डबा हातात देताना ‘दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ एवढे जरूर विचारावे.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधनिर्माता,
कोरेगाव, जि. सातारा