माजिवड्याच्या त्या दोघांचे आभार

रविवारी भरदुपारी ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर आमची जुनी गाडी अडली. सेल्फ मारला की नुसती टकटक, त्यात एअर सस्पेन्शन (गाडी उचलून धरणारे हवेचे रबरी फुगे) बसून मागचं चाक मडगार्डमध्ये घुसलेलं. एका रिक्षावाल्या दादांनी आईला आपल्या रिक्षात सावलीला बसवलं, येणारी भाडी सोडली आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मीटर लावला. बॅटरी 12.5 व्होल्ट, ठणठणीत! गंजलेली होती ती अर्थिंगची, म्हणजे बॅटरी गाडीच्या सांगाड्याला जोडणारी, पट्टी. कानस मारून आवळली, गाडी सुरू. मग साबणाचं पाणी शिंपडून सस्पेन्शनच्या एअर बॅगच्या (त्या रबरी फुग्याच्या) घडीतून हवा गळतानाचे बुडबुडेही दाखवले: "हवा भरणारा कंप्रेसर सारखा चालला तर जळेल, आधी ही बदला." पैसे मोजके घेतले, नावं विचारली तर दोघंही हसले. बॅग बदलली, कंप्रेसर वाचला. दादा, आईने खास आभार सांगितलेत.