भोपळा, विहीर आणि किताजिमा

संपादक महोदय,

ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे आपलं बेडकासारखं पोहणं. लहानपणी आम्ही ते मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून शिकलो. मामा काठावरून दोर सैल सोडायचे आणि ओरडायचे, "पाय फाक, मग जुळव!" त्यामुळे जपानचा जलतरणपटू कोसुके किताजिमा याला टीव्हीवर पाहताना माझी नजर त्याच्या पायांवरच असे.

सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली हा पोरगा १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये चौथा आला. पुढे २००४ ला अथेन्स आणि २००८ ला बीजिंग, दोन्हीकडे १०० आणि २०० मीटरची सुवर्णपदकं! ब्रेस्टस्ट्रोकमध्ये असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. बीजिंगला तर १०० मीटरला ५८.९१ सेकंदांचा विश्वविक्रम. अथेन्सला त्याने पाण्याखाली डॉल्फिन किक (दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखा फटका, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तेव्हा नियमबाह्य) मारली, असा ओरडा अमेरिकेचा जलतरणपटू पिअरसोल याने केला होता. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी तशी एक किक नियमात बसवली गेली.

एप्रिल २०१६ मध्ये रिओच्या निवड चाचणीत तो १०० मीटरला दुसरा आला, पण पात्रता वेळ अर्ध्या सेकंदाच्याही आत हुकली. २०० मीटरलाही जमलं नाही, आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच महिन्यात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी येत होतं. मळ्यातली विहीर तेव्हा ठणठणीत कोरडी होती. आता तिला पाणी आहे, पण नातवाला विहिरीची भीती वाटते आणि जवळच्या जलतरण तलावाला कुलूप आहे. ते निदान उन्हाळ्यापुरतं तरी उघडावं.

– एक निवृत्त शिक्षक, लातूर