एसएसडी नवी, मांडणी मात्र जुनीच

महोदय,

खान्देशातल्या शाळा, पतसंस्था, जिनिंगची कार्यालये इथे जुन्या संगणकात हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) बसवली जाते. हा खर्च सार्थकी लागतो. पण जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन केली, तर तिची मांडणीही सोबत येते आणि नवी डिस्क पूर्ण ताकदीने चालत नाही.

विंडोज एक्सपीच्या काळातले पार्टिशन (डिस्कचा आखून दिलेला भाग) ६३ व्या सेक्टरपासून सुरू होते; सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ५१२ बाइटचा कप्पा. आजच्या डिस्क आतून ४ केबी किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांत लिहितात, म्हणजे ५१२ बाइटचे किमान ८ सेक्टर एकदम. ६३ ला ८ ने भाग जात नाही. त्यामुळे फाइल सिस्टिमचा (डिस्कवर फायली मांडणारी व्यवस्था) एक ब्लॉक दोन तुकड्यांत विभागला जातो आणि एका ब्लॉकसाठी डिस्कला दोन तुकडे वाचून पुन्हा लिहावे लागतात. म्हणून आधी ८ ने भाग जाणाऱ्या २०४८ व्या सेक्टरपासून नवे पार्टिशन करावे, मगच डेटा आणावा.

लिनक्सवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम असेल तर एफएसटॅबमध्ये (डिस्क कशी जोडायची ते सांगणारी फाइल) ‘नोएटाइम’ लिहावे, म्हणजे फाइल नुसती वाचली की वेळेची नोंद लिहिली जात नाही. ‘डिस्कार्ड’ मात्र टाळावे. प्रत्येक खोडण्यासरशी ट्रिमचा हुकूम (कोणती जागा मोकळी झाली ते एसएसडीला कळवणे) गेला की स्वस्त एसएसडी अडखळतात. आठवड्याला एकदा चालणारा एफएसट्रिमचा टायमर पुरतो. नुसत्या डेटाच्या १ टीबी डिस्कवर ५ टक्के, म्हणजे ५० जीबी जागा रूटसाठी (संगणकाचा मुख्य वापरकर्ता) राखून ठेवलेली असते. ती १ टक्क्यावर आणायला हरकत नाही. सिस्टिमच्या डिस्कवर हा प्रयोग नको.

रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड) असेल तर फाइल सिस्टिम बनवताना आकडे हाताने द्यावे लागतात, कारण कार्ड आतली रचना बहुधा सांगत नाही. चार डिस्कचे रेड ५, चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) ६४ केबी, ब्लॉक ४ केबी असेल तर स्ट्राइड, म्हणजे एका चंकमधले ब्लॉक, १६. एका डिस्कइतकी जागा पॅरिटीत (डिस्क बिघडल्यास डेटा परत मिळवून देणारी माहिती) जाते, म्हणून स्ट्राइप-विड्थ, म्हणजे उरलेल्या तीन डिस्कचे मिळून ब्लॉक, ४८.

सर्वांत घातक सल्ला ‘बॅरियर बंद करा, वेग वाढेल’ हा. बॅरियर म्हणजे लिखाण ठरल्या क्रमानेच डिस्कवर पोचेल याची खबरदारी. वेग वाढतो हे खरे. पण डिस्क आपल्या कॅशमधले (तात्पुरत्या साठ्यातले) लिखाण सोयीने मागेपुढे करते. जर्नलमधला (बदल आधी टिपून ठेवणारी नोंदवही) मजकूर लिहिला जाण्याआधीच तो पूर्ण झाल्याची नोंद पडली आणि नेमकी तेव्हा वीज गेली, तर पुढच्या वेळी जर्नलमधला कचराच खरा मानून फाइल सिस्टिमवर उतरवला जाऊ शकतो. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. बॅटरीवर चालणारी कॅश असलेले कार्ड नसेल, तर बॅरियरला हात लावू नये.

डिस्क बदलून देणाऱ्यांनी पार्टिशन कितव्या सेक्टरपासून सुरू होते आणि ट्रिम चालू आहे का, हे पावतीवर लिहून द्यावे. ग्राहकांनीही ते मागून घ्यावे.

— एक वाचक, भुसावळ (जि. जळगाव)