नकाशावरच्या निळ्या रंगातही माणसं होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मुंबईच्या जुन्या नकाशांना तुम्ही दोन पूर्ण पानं दिलीत, त्याबद्दल आभार. छपाई सुरेख आहे. आमचा वरळीचा किल्लाही त्यात ठळक दिसतो. पण त्याच लेखात, तेही मथळ्याखाली मोठ्या अक्षरांत, ‘सात ओसाड बेटांचं इंग्रजांनी महानगर केलं’ हे वाक्य छापलंत. कालचा अख्खा दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

ओसाड कशी? माहीमचे सुफी संत मखदूम अली माहिमी 1431 साली वारले, तेव्हा पोर्तुगीज अजून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागलेही नव्हते. वाळकेश्वरचं मूळ देऊळ शिलाहारांच्या काळातलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात बेटं आली 1668 मध्ये, आणि तेव्हा इथल्या पाण्यात जाळी टाकणारे लोक काही कंपनीने जहाजातून आणले नव्हते. तुमच्या लेखकांना हे माहीत आहे. पुढच्याच परिच्छेदात ते ‘येथील मूळ रहिवासी कोळी’ असं लिहितात. मग ओसाड हा शब्द कुणी घातला, आणि तो कुणीच कसा काढला नाही?

पानभर छापलेला तो सात बेटांचा नकाशाही मोजणीचा नकाशा नव्हे. तो मागाहून रचलेला आहे, हे चौकटीत एका ओळीत सांगायला हवं होतं. त्या काळी इथे सात सुटे तुकडे पाण्यात तरंगत नव्हते. मधे खाजण होतं, चिखल होता, खडक होते. भरतीला बेटं वेगळी व्हायची आणि ओहोटीला त्यांतली काही चिखलाने जोडली जायची. वरळी आणि मुंबई यांच्यामधल्या मोठ्या खिंडारातून समुद्र आत शिरायचा. 1784 च्या सुमाराला हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला, तेव्हा ते पाणी थांबलं. लेखात या बांधाचं कौतुक भरपूर आहे. पण ज्या पट्ट्यात सहा तास पाणी आणि सहा तास जमीन असते, त्या पट्ट्याबद्दल एक ओळ नाही.

तसं ते नकाशेही त्याबद्दल फारसं सांगत नाहीत, हे मला मान्य आहे. 1812 ते 1816 मध्ये कॅप्टन डिकिन्सनने बेटाची मोजणी केली, ती महसुलासाठी. वाडी कुणाची, शेत कुणाचं, सारा किती, हे त्याला हवं होतं. 1872 चे लॉटनचे नकाशे तर घरंसुद्धा दाखवतात. त्या नकाशांची किंमत मी कमी करत नाही. आपलं जुनं घर त्यात सापडलं की छाती भरून येते. पण जमिनीची मोजणी करणारा माणूस भरतीच्या रेषेपाशी थांबतो. आमचं निम्मं गाव त्या रेषेच्या पलीकडे आहे.

याचा फटका आमच्या घरात बसलेला आहे. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका कामासाठी बाधितांच्या नोंदी सुरू होत्या. आत्याला घेऊन मी एका कचेरीत गेलो. आत्या जन्मभर खडकावरची कालवं काढत आली. टेबलावर मोठा नकाशा पसरलेला, जमीन पिवळी, समुद्र निळा, मधे लाल रेघ. तिथले साहेब सभ्य होते. आत्याला त्यांनी खुर्ची दिली आणि म्हणाले, ‘‘मावशी, तुमची जागा दाखवा.’’ आत्याने थोडा वेळ नकाशा न्याहाळला, किल्ल्याचं टोक शोधलं, तिथून बोट सरकवत नेलं आणि निळ्या रंगावर ठेवलं. त्या बोटावर कालवांच्या शिंपल्यांनी कापल्याचे पांढरे वण होते.

साहेब म्हणाले, ‘‘अहो, हा तर समुद्र.’’

आत्या म्हणाली, ‘‘दुपारचा समुद्र. पहाटे ये, मी तुला तिथे बसवते.’’

मग होडीचा नंबर विचारला. होडी नाही. परवाना? हाताने कालवं काढणाऱ्या बाईला परवाना कोण देतो? रकाना कोरा राहिला आणि आम्ही घरी आलो. त्या खडकाच्या कोणत्या कपारीत कालवं दाट धरतात, कुठे पाय घसरतो, उधाणाच्या मोठ्या भरती-ओहोटीला पाणी किती लांब जातं आणि भांगाच्या लहान भरती-ओहोटीला किती, हे सगळं त्या बाईला पाठ आहे. तिच्या सासूलाही होतं. हा स्थानिक इतिहास नाही तर काय आहे?

समुद्राची ही माहिती सरकारदरबारी ऐकली जाऊच शकत नाही, असंही नाही. कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या कशा जाणार, हे आमचे लोक वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते, तेव्हा कुठे दोन खांबांतलं अंतर 60 मीटरवरून 120 वर आलं. मागणी याहूनही मोठ्या अंतराची होती. पण निदान होडीला आवाज होता. खडकावर वाकलेल्या बाईला तोही नाही.

म्हणून माझी विनंती आहे. लेखमालेचा पुढचा भाग माहीमवर आहे असं तुम्ही जाहीर केलंय. तो छापण्याआधी तुमच्या लेखकांनी हेच नकाशे गुंडाळी करून माहीमच्या कोळीवाड्यात न्यावेत. ओट्यावर पसरावेत. होड्या चालवणाऱ्या तांडेलांना विचारावं, पण घरातल्या म्हाताऱ्या बायकांनाही बोलवावं, कारण ओहोटीचा किनारा जास्त त्यांच्या पायाखालचा आहे. त्या जे सांगतील ते पेन्सिलीने त्या निळ्या भागात लिहून घ्यावं आणि तसंच छापावं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सांगणारं कुणी उरणार नाही.

जाता जाता आणखी एक. तुमच्या दैनिकात पूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा रोज यायच्या. त्या केव्हा बंद केल्यात कळलं नाही, कारणही छापलं नाहीत. आमच्या म्हाताऱ्यांना तिथीवरून अंदाज असतो. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे खडक उघडे पडणार सकाळ-संध्याकाळ. पण पोरं पेपर बघून शिकायची. राशिभविष्याला अर्धा रकाना आहे, त्याखाली दोन ओळींची जागा नक्की निघेल. त्या वेळा पुन्हा सुरू कराव्यात.

आपला,
एक वाचक, वरळी कोळीवाडा