महाडला नुसतं जेवायला थांबू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकण पर्यटनावरची तुमची पुरवणी परवा वाचली. बीच झाले, मासे झाले, होमस्टे झाले, आणि आमच्या महाडच्या वाट्याला काय आलं तर रायगडला जाताना जेवायला बरं पडतं एवढं एक वाक्य. त्यातही वरदविनायक आमच्याकडे टाकून दिलात. अहो, अष्टविनायकातलं महड खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ. आमचं महाड तिथून शंभराच्या वर किलोमीटर खाली, सावित्री नदीच्या काठावर. मॅपवर नाव बघून गाडी वळवणारे लोक इथे येऊन गणपती कुठे विचारतात, त्यात आता तुमच्या पुरवणीची भर.

बाकी आमचं नाव पेपरात येतं ते पूर आला की, नाहीतर एमआयडीसीत आग लागली की. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा 1928 सालचा दगडी पूल गेला, दोन एसट्या वाहून गेल्या, तेव्हा सगळ्यांचे कॅमेरे आठवडाभर इथेच होते. 2021 च्या जुलैत बाजारपेठ, सुकट गल्ली, सगळं पाण्याखाली, आणि त्याच पावसात आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड. हे छापायलाच पाहिजे, नाही म्हणत नाही, पण त्याच्या पलीकडे पण एक गाव आहे.

चवदार तळ्याचंच बघा. सगळ्यांना 20 मार्च 1927 माहीत आहे, बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं तो दिवस. पण त्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते तळ्यावर येणाऱ्या पोराटोरांना विचारा, दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. 1923 ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसकट सगळ्यांना खुले, 1924 ला महाड नगरपालिकेने पण तळं खुलं केलं, पण कागदावर, पाण्याला हात लावायची सोय नव्हतीच. मग 19 आणि 20 मार्चची परिषद, सगळे मिळून तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि परतल्यावर अफवा उठवली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, त्यावरून माणसांना रस्त्यात गाठून मारलं. पुढे ऑगस्टमध्ये पालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तर जागा द्यायला कोणी तयार नाही, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने, आणि तिथेच 25 तारखेला मनुस्मृती जाळली. तळ्याचा दावा कोर्टात चालला तो दहा वर्षं, हायकोर्टाचा निकाल आला 17 मार्च 1937 ला. म्हणजे ओंजळभर पाण्याला दहा वर्षं! सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखी सवर्ण घरातली माणसं तेव्हा कशी उभी राहिली ते तर वेगळंच प्रकरण आहे.

हा सगळा इतिहास पायी फिरून बघता येतो. तळं, वीरेश्वर, त्या लढ्याच्या आठवणीचा क्रांतीस्तंभ, सगळं गावातच. पण एसटी स्टँडवर उतरलेल्या नवख्या माणसाला हे कोण सांगणार? रिक्षावाला. आणि तो बिचारा धंदा बघेल की 1923 चा ठराव समजावेल. 20 मार्च 2027 ला सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात, त्यानिमित्त कमानी, लाइटिंग आणि पुढाऱ्यांचे बॅनर होणार हे सांगायला ज्योतिषी नको. मला म्हणायचंय ते एवढंच, की कमानीचा निम्मा खर्च जरी धड वाचता येतील अशा पाट्यांवर केला तरी पुरे. कुठल्या रस्त्यावर मारहाण झाली, परिषद कुठे भरली, कोर्टाने काय म्हटलं, हे त्या त्या जागी, मोठ्या अक्षरात, तारखांसकट.

आता गावाबाहेर या. मुंबई-गोवा हायवेला लागूनच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, तीसच्या आसपास. रोज हजारो गाड्या खालून जातात आणि शंभरातला एक जण मान वर करत असेल. वर चढून गेलात तर पहिल्याच मोठ्या लेण्यात काही खांब अर्धवट सोडलेले दिसतात, नुसते चौकोनी ठोकळे, आणि आत गाभाऱ्यात बसलेला बुद्ध. एका शिलालेखात कानभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचं नाव आहे. ओसरीत बसलं की समोर गांधारी आणि सावित्रीचं खोरं, हायवे, गाव, सगळं एका नजरेत येतं, आणि मग डोक्यात प्रकाश पडतो की दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी नेमकी हीच जागा का धरली. नदी, दुसरं काय.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि बाणकोटला समुद्राला मिळते, भरतीचं पाणी खाडीतून वर महाडपर्यंत येतं. म्हणून इथे बंदर झालं. देशावरचा माल वरंध घाटातून उतरायचा आणि इथून गलबतांत चढायचा. इंग्रजांना 1756 ला पेशव्यांकडून बाणकोट मिळालं तेव्हा त्यांनी खाडीतलं दासगावही घेतलं ते काय हवा खायला नाही. 1796 ला नाना फडणवीस पुण्यातून निघाले ते महाडलाच येऊन बसले. खाडीकाठी सव गावाला गरम पाण्याचे झरे आहेत, ते तर जिल्ह्यातल्याच लोकांना माहीत नाहीत. आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख, ते जन्मले आमच्याच तालुक्यात, नाते गावाला. रायगडाचं मी मुद्दाम लिहीत नाही, त्याला माझ्या शिफारशीची गरज नाही.

राहिली एमआयडीसी. तिने गावाला पोटाला घातलं, माझ्याही घराला घातलं, त्यामुळे उगाच शिव्या देणार नाही. पण नदीचा वास कधी कधी कसा येतो ते काठावर राहणाऱ्याला विचारा, आणि खाडीत जाळं टाकणाऱ्याला तर विचारूच नका. पाणी शुद्ध करून सोडणं हा कायदा आहे, ते उपकार नाहीत. त्यात सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च, तो वेगळा. तो वह्यावाटप आणि टी-शर्टच्या पुढे जायला हरकत काय आहे? गांधारपाल्याच्या पायऱ्या, खाली चार गाड्या लागतील एवढी जागा, एक स्वच्छ बाथरूम, जिथे बायकांना जाता येईल. सावित्रीतल्या मगरी बघायला लोक दादलीच्या पुलावर गाड्या थांबवून ट्रॅफिक जाम करतात, त्यांच्यासाठी काठावर उभं राहायला एक धड सुरक्षित जागा.

आणि एसटी. आमच्या गावाला रेल्वे स्टेशन नाही, उतरायचं वीरला आणि पुढे जे मिळेल ते. शनिवार-रविवारी वीर स्टेशनवरून निघून गांधारपाले, चवदार तळं, क्रांतीस्तंभ करून रायगडाच्या पायथ्याला पाचाडला जाणारी आणि संध्याकाळी परत वीरला सोडणारी एकच गाडी चालू केली तरी पुष्कळ झालं. आगारातल्यांनी मनावर घेतलं तर शताब्दीच्या आधी होऊ शकतं. तुम्ही पेपरातून विचारलंत तर उत्तर तरी द्यावं लागेल, आमच्या अर्जांवर नुसता शिक्का मारून मिळतो.

आपला,
एक महाडकर वाचक