तो म्हातारा ४४ वर्षांचा होता

प्रिय नित्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की तो भुताचा पिक्चर, एक्झॉर्सिस्ट, परत बघितला आणि तो म्हातारा पाद्री, जो रात्री धुक्यात दिव्याखाली बॅग घेऊन उभा राहतो, तो तेव्हाच पंचाहत्तरीला टेकलेला मग २०१५ च्या स्टार वॉर्समध्ये कुठून आला, भाऊबिऊ असेल बहुतेक. मी तेव्हा नुसता हसलो कारण इकडे कुकर शिट्ट्या मारत होता आणि ही आतून ओरडत होती, पण नंतर झोपच येईना. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून हे एवढं मोठं पत्र. चहा घेऊन बस.

भाऊबिऊ काही नाही रे, तोच तो. मॅक्स फॉन सिडो. आणि १९७३ ला एक्झॉर्सिस्ट आला तेव्हा तो ४४ वर्षांचा होता! म्हणजे आपण दोघं आज त्याच्याहून मोठे आहोत, बघ विचार करून. डिक स्मिथ नावाचा मेकअपवाला त्याला रोज काही तास खुर्चीत बसवून सुरकुत्या चढवायचा. पण नुसत्या सुरकुत्यांनी काय होतंय, आपल्या गॅदरिंगमध्ये पण आपण पावडर लावून आजोबा व्हायचो की. त्याचा जिना चढतानाचा दम बघ, गोळी काढताना थरथरणारा हात बघ. ती भूत लागलेल्या पोरीची खोली सेटवर खरंच फ्रीजसारखी गार केलेली होती, तोंडातून वाफ दिसावी म्हणून, त्यामुळे निम्मं कुडकुडणं खरंच आहे. आणि गंमत ऐक, डायरेक्टर फ्रीडकिन सांगायचा की भूत उतरवायच्या सीनलाच हा अडला, काही केल्या जमेना, आणि कारण काय तर म्हणे माझा देवावर विश्वास नाही. फ्रीडकिन चक्रावला, अरे पण तू तर येशूचं काम केलंयस! तर हा म्हणे, ते मी माणूस म्हणून केलं. १९६५ ला हॉलिवूडने त्याला खरंच येशू केला होता, द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड मध्ये, तो त्याचा पहिलाच अमेरिकन पिक्चर. फार लांबलाय, बघू नकोस.

पण तू याला आधी पाहिलायस, विसरलास फक्त. पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये आपण सेव्हन्थ सील बघायला गेलेलो, तू मध्येच झोपलास आणि मी कोपर मारून उठवलं तर "संपला का?" म्हणालास मोठ्यांदा. समुद्रकाठी मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा तो उंच सरदार, तो हाच. क्रुसेडच्या धर्मयुद्धावरून दहा वर्षांनी घरी निघालेला, सगळीकडे प्लेग, देव काही बोलत नाही, आणि त्याचं वय तेव्हा किती तर २७. सत्तावीस! आपण सत्तावीसला काय करत होतो, बाईकचे हप्ते भरत होतो.

ते मृत्यू-बुद्धिबळ त्या पिक्चरचा स्वीडिश डायरेक्टर बर्गमन, त्याच्या डोक्यातून आलेलं नाही बरं का. स्टॉकहोमजवळ टेबी म्हणून गाव आहे, तिथल्या चर्चच्या छतावर पंधराव्या शतकातल्या चित्रकाराने काढलंय ते, माणूस आणि सांगाडा पट मांडून बसलेत. मला त्या पिक्चरमधला आवडता क्षण वेगळाच आहे. शेवटाकडे सरदाराच्या लक्षात येतं की ते नाटकवाले नवराबायको पोराला घेऊन गुपचूप सटकतायत, तेव्हा तो मुद्दाम झग्याने पट उधळतो, मृत्यूचं लक्ष इकडे राहावं म्हणून, आणि तोंडावर भाव काय तर "अरेरे, चुकून सांडलं". आणि मृत्यू शांतपणे सगळी प्यादी परत जागच्या जागी लावतो, त्याला सगळं लक्षात असतं. तू हॉस्टेलला हरायला आलास की नेमकं हेच करायचास, फक्त समोर मी असायचो आणि मला काही लक्षात नसायचं.

बरं, माणूस आला कुठून. दक्षिण स्वीडनमध्ये स्कोने प्रांत आहे, डेन्मार्कच्या अगदी समोर, तिथल्या लुंड गावचा. जन्म १० एप्रिल १९२९. बाप युनिव्हर्सिटीत लोककथांचा प्रोफेसर, नुसत्या कथा गोळा करायच्या आणि त्यांची कुळं लावायची हाच धंदा, आणि हा झाला तेव्हा बाप पन्नाशीचा. म्हणजे याने घरात बाप पाहिला तो म्हाताराच. (हे लक्षात ठेव, पुढे लागेल.) पाळण्यातलं नाव कार्ल अ‍ॅडॉल्फ. मॅक्स हे नाव सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीत मिळालं, तेही कशावरून तर पिसवांच्या सर्कशीतल्या मॅक्स नावाच्या पिसवेवरून. लोक सरस्वतीबिरस्वतीच्या नावाने सुरुवात करतात, या सहा फूट चार इंच माणसाने पिसवेचं नाव घेतलं आणि जन्मभर वापरलं.

मग स्टॉकहोमच्या रॉयल ड्रॅमॅटिक थिएटरच्या शाळेत तीन वर्षं, मग गावोगावची सिटी थिएटरं, आणि १९५५ ला माल्मोला बर्गमनच्या हाताखाली. तिथली पद्धत मला फार भारी वाटते, हिवाळाभर स्टेजवर नाटकं करायची आणि उन्हाळ्यात उजेड असतो तेव्हा तीच मंडळी घेऊन पिक्चर काढायचा. त्यामुळे आज तू हीरो, उद्या कोपऱ्यात उभा. ज्या १९५७ मध्ये तो सेव्हन्थ सीलचा सरदार झाला त्याच वर्षी वाइल्ड स्ट्रॉबेरीजमध्ये तो पेट्रोलपंपावरचा पोऱ्या आहे, म्हाताऱ्या डॉक्टरच्या गाडीत पेट्रोल भरतो, पैसे घेत नाही, संपला रोल. आपल्याकडे एखादा हिट दिलेल्या हीरोला सांग बरं, पुढच्या पिक्चरात पंपावर उभा राहा म्हणून. बर्गमनबरोबर असे ११ पिक्चर केले त्याने.

त्यातला एक तुला बघायलाच लावणार आहे, व्हर्जिन स्प्रिंग, १९६०. मध्ययुगातला शेतकरी बाप, चर्चला निघालेल्या त्याच्या पोरीवर वाटेत मेंढपाळ अत्याचार करून मारून टाकतात आणि नकळत रात्री याच्याच घरी आसऱ्याला येतात. याला कळतं. मग हा बाहेर जातो, माळावर एकच बर्चचं कोवळं झाड उभं आहे, त्याला हा मिठी मारल्यासारखा धरतो आणि झोंबतो, पूर्ण ताकदीने, वाकवतो, परत उभं राहतं, परत वाकवतो, शेवटी झाड आडवं होतं आणि हा त्याच्यावर. एक शब्द नाही. त्याच्या फांद्या तोडून तो न्हाणीघरात जातो, अंगावर मारून घेत आंघोळ करतो, मग सुरा. आणि शेवटी पोरीच्या प्रेतापाशी देवाला जाब विचारतो तो सीन, नित्या, कॅमेऱ्याकडे पाठ करून! तोंड दिसतच नाही, नुसती पाठ आणि वर केलेले हात. पाठीने अ‍ॅक्टिंग करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि पडद्यावरची ती मुलगी त्याच्याहून फक्त दहाएक वर्षांनी लहान होती.

त्यानंतर हॉलिवूड आणि मला विचारशील तर निम्मं वाया. उंच, हाडं दिसणारा चेहरा, खर्जातला आवाज, इंग्लिशला परदेशी झाक, म्हणजे झालं, व्हिलन. कधी मारेकरी, कधी बाँडचा दुश्मन ब्लोफेल्ड, १९८० च्या फ्लॅश गॉर्डनमध्ये तर जरीची झूल घालून मिंग बादशहा. गंमत म्हणजे बाँडच्या पहिल्या पिक्चरला, डॉक्टर नोला, त्याने नाही म्हटलेलं. आणि हे सगळं चालू असताना बर्गमनने फॅनी अँड अलेक्झांडरमधला बिशप याच्यासाठी लिहिला, तर एजंटच्या पैशाच्या घोळात तो रोल गेला. मला अजून राग येतो, माझा काय संबंध आहे सांग, पण येतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. पेले द कॉन्करर, १९८७. बिले आउगुस्टचा, फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलला गोल्डन पाम मिळालेला. १९व्या शतकातला म्हातारा विधुर, लासे, आपल्या लहान पोराला, पेलेला घेऊन स्वीडनहून डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावर कामाला जातो. बोटीवर हा पोराला सांगतोय, तिकडे पोरांना काम नसतं, दिवसभर खेळायचं, मनुका घातलेलं मांस खायचं. उतरल्यावर काय, धक्क्यावर शेतमालक येऊन माणसं निवडून नेतायत आणि याला कोणी घेत नाही, बाप जास्त म्हातारा, पोर जास्त लहान. आधी पोराला ऐटीत सांगितलेलं की पहिल्या येणाऱ्याला आपण हो म्हणायचं नाही. धक्का रिकामा होतो. शेवटचा जो येतो त्याच्या गाडीत गुमान बसतात आणि झोपायची जागा गोठ्यात, गुरांशेजारी.

पुढे तिथला एक माजोरडा शिकाऊ पोरगा चाबूक घेऊन पेलेची लाज काढतो. पेले बापाकडे येतो. बाप उसळतो, बघतोच त्याला, हाडं मोडतो, आता तर सोडतच नाही! आणि प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा त्याची सगळी हवा जाते. अंग तेच, सहा फूट चार इंच, पण ते कसं काय आत ओढून घेतो देव जाणे, खांदे पडतात, डोळे जमिनीला. पोरगा बघत असतो. पोराला कळलेलं असतं आणि बापाला कळलेलं असतं की पोराला कळलंय.

तुला घरमालकाचा किस्सा आठवतोय? आठवीत असताना त्याने मला पाण्याच्या मोटरवरून सगळ्या वाड्यासमोर कानाखाली दिलेली. अण्णा संध्याकाळी घरी आले, शर्टाच्या बाह्या सरसावल्या, "थांब, आज त्याला दाखवतोच," आणि मला घेऊन जिना उतरले. त्याने दार उघडलं. अण्णांनी नमस्कार केला. म्हणाले, भाडं पाच तारखेपर्यंत देतो. परत वर येताना ते माझ्या पुढे दोन पायऱ्या चालत होते, मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. हे मी तुला हॉस्टेलला सांगितलेलं, पण तेव्हा हसत हसत सांगितलं होतं.

लासे हा मॅक्सचा खरा रोल का, यावर माझी एक थिअरी आहे. लासे स्कोनेचा, हाही स्कोनेचा. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या भाषेत बादशहा आणि पाद्री होऊन ५८व्या वर्षी हा माणूस आपल्या गावाकडच्या बोलीत बोलला. शिवाय म्हातारा बाप आणि कोवळं पोर, हे त्याने मेकअपवाल्याकडून नाही, घरातून आणलेलं. ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, पण दिलं रेन मॅनसाठी डस्टिन हॉफमनला. ८२ व्या वर्षी परत एक नॉमिनेशन मिळालं, एक्स्ट्रीमली लाउड नावाचा पिक्चर, त्यात तर हा मुका आहे, चिठ्ठ्या लिहून बोलतो. तेव्हा जिंकला ख्रिस्तोफर प्लमर. तोही ८२ चाच, दोघं एकाच वर्षी जन्मलेले! म्हाताऱ्यांच्या कुस्तीतही हरला.

शेवटी दुसरं लग्न करून फ्रान्सला गेला, २००२ ला स्वीडनचं नागरिकत्व सोडून फ्रेंच झाला. ८ मार्च २०२० ला गेला, ९० चा होऊन. आपल्याकडे लॉकडाऊन लागायच्या दोन-अडीच आठवडे आधी, त्यामुळे त्या गडबडीत ती बातमी कुठच्या कुठे गेली. मी तेव्हा कोणाला फोन करावा म्हणून तुझा नंबर काढलेला, मग म्हटलं तू विचारशील कोण मॅक्स.

पेले मिळाला तर ओमला घेऊन बघ, अडीच तासांचा आहे, सबटायटल्स त्याला वाचून दाखवावी लागतील. चाबकाचा सीन येईल तेव्हा पाणी प्यायला म्हणून उठू नकोस.

तुझा,
सुध्या

ता.क. बुद्धिबळाच्या सेटमधला पांढरा घोडा तुझ्याकडेच आहे, मला माहितीय. गेली पंचवीस वर्षं मी त्या जागी शर्टाचं बटण लावून खेळतोय. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये.