हप्ते थकण्याआधी मदत पोहोचू द्या

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

कुपवाड एमआयडीसीत आमचं लहान वर्कशॉप आहे. हळद, मिरची, मसाला दळायचे पल्व्हरायझर आम्ही बनवतो. गिऱ्हाईक बहुतेक तासगाव, पलूस, मिरजेकडची पोरंपोरी. सरकारी योजनेतून कर्ज काढून पहिल्यांदाच धंद्यात उतरलेली. दीड-दोन वर्षांत त्यातली काही मशिनं "विकून द्या" म्हणून परत आमच्याच दारात येतात. आतले हॅमर धड झिजलेलेही नसतात.

एका मुलीचं सांगतो. हळद अस्सल राजापुरी होती, पण भरली पारदर्शक पाऊचमध्ये. दुकानदारांनी पाकिटं दर्शनी टांगली, उन्हानं रंग उतरला, भेसळीचा संशय येऊन माल परत आला. हळदीला उजेड सोसत नाही, हे तिला तेव्हा कळलं. पुढचा माल तिनं फॉइलच्या पाऊचमध्ये भरला. त्यातलं एकही पाकीट परत आलं नाही. पण तोवर हप्ते थकून खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, झालं होतं आणि खेळतं भांडवल द्यायला कोणी तयार नव्हतं. धंदा उमगला आणि धंदा बंद पडला. साहेब, माझा जीव तुटतो तो इथं.

यावर नियम नाही असं नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये अडचणीतल्या लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनाची चौकट आखली. खातं एनपीए होण्याआधीच उद्योजकाला स्वतः बँकेकडे अर्ज करता येतो. हप्ते नव्याने बांधून देणं, गरजेपुरतं जादा कर्ज देणं, हे त्यात बसतं. मोठ्या खात्यांसाठी समिती असते, आणि तिच्यात राज्य सरकारचा प्रतिनिधी घ्यावा असंही म्हटलं आहे. मशीन विकायला आलेल्या एकालाही हे माहीत नव्हतं. उद्योग सुरू करायच्या प्रशिक्षणात प्रकल्प अहवाल शिकवतात. हप्ता चुकायला लागला तर कोणाकडे जायचं, ते कोणी सांगत नाही.

मुद्रा कर्जाची मर्यादा २० लाखांवर गेली, चांगलंच झालं. पण ते वाढीव कर्ज मुद्राच्याच 'तरुण' नावाच्या गटातलं आधीचं कर्ज फेडलेल्यालाच मिळतं. पडलेल्याचं काय?

याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लोखंडी नांगरानं जमीन बिघडते, अशा समजुतीपायी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नांगर सुरुवातीला पडून राहिले होते. तरीही १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना माळरान दिलं, वर कर्जही दिलं.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक जिल्हा उद्योग केंद्रात पुनरुज्जीवनाचा हा अर्ज भरून देणारा, बँकेत सोबत येणारा एक जाणता माणूस नेमा. शक्यतो स्वतः कारखाना चालवलेला. बुडवणारा आणि बुडालेला यांची नोंद वेगळी ठेवा. हिशेब स्वच्छ असलेल्याला दुसऱ्या कर्जासाठी राज्याची हमी द्या. सुरुवात सांगलीपासून करणार असाल, तर त्या केंद्रात आठवड्यातला एक दिवस विनामोबदला बसायला मी तयार आहे.

आपला,
कुपवाड येथील एक लघुउद्योजक